शारजा मराठी स्की मंडळाची पहिली घसरगुंडी

उपेंद्र वाळिंब्यांचा एक स्वभाव आहे. कुठलीही गोष्ट एकट्यानं करायची म्हटली की त्यांना ती उद्यावर ढकलावीशी वाटते, आणि तीच गोष्ट समिती नेमून करायची म्हटली की अंगात हत्तीचं बळ संचारतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तर या गृहस्थांनी शारजातल्या खालिद लगून तलावाच्या काठावर 'प्रभात फेरी संघ' काढला. संघाला बोधचिन्ह आलं, टोप्या आल्या, स्नेहसंमेलन झालं, संमेलनात भेळ झाली. वाळिंब्यांचं वजन सहा किलोनं वाढलं. पण संघ उत्तम चालला हो, त्याबद्दल कुणाला नाव ठेवता येणार नाही.

तर जुलै महिना, बाहेर शेहेचाळीस डिग्री, आणि अल मजाज भागातल्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर वाळिंबे कुटुंब रात्रीचं जेवत होतं. लेक मिहिका बारावी होऊन कॅनडाला शिकायला निघालेली. ऑगस्टच्या अखेरचं तिकीट आलं होतं. ती वरणभात कालवता कालवता म्हणाली, "बाबा, तू एकदा माझ्याबरोबर स्कीइंगला ये ना. बिफोर आय गो. जस्ट यू अँड मी."

आता वाळवंटात स्कीइंग कुठलं, असं रत्नागिरीहून कुणी विचारील. पण दुबईत काय नाही? एका मॉलच्या पोटात बर्फाचा आख्खा डोंगर आहे. बाहेर माणूस भाजून निघतो आणि आत दात वाजवत बसतो. मिहिका मैत्रिणींबरोबर तिथं जाऊन जाऊन चांगली तयार झाली होती.

वाळिंब्यांना भीती वाटली, हे सरळच सांगून टाकतो. एक भीती पडण्याची. बावन्न वर्षांचं हाड मोडलं तर लवकर जुळत नाही. पण दुसरी भीती त्या 'बिफोर आय गो'ची होती, आणि ती पहिलीपेक्षा थोरली होती. म्हणून वाळिंब्यांनी पहिलीच भीती पुढे केली आणि नेहमीचा मार्ग धरला.

"दोघंच कशाला?" ते म्हणाले. "चांगली दहापंधरा कुटुंबं जमवू. काहीतरी व्यवस्थित करू."

मिहिकानं आईकडे पाहिलं. वासंतीबाईंनी कोशिंबिरीकडे पाहिलं. "झालं," त्या म्हणाल्या. "आता टोप्या येणार."

दुसऱ्या दिवशी बातमी लिफ्टमध्ये फुटली. लिफ्ट ही आमच्याकडची ग्रामसभा आहे, तिथं काही लपत नाही. आठव्या मजल्यावर मोहिद्दीन पारकर शिरले. हे मूळचे रत्नागिरीजवळचे, शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात त्यांचं एसीच्या डक्टचं वर्कशॉप. माणूस सोन्यासारखा, फक्त कुठल्याही कामाला 'त्यात काय हाय' म्हणायची खोड.

"स्की? अवो वाळिंबे, त्यात काय हाय! ल्हानपणी आमी पोफळीच्या झावळीच्या विरीवर बसून घाटीवरनं घसरत नव्हतो? तीच ही स्की. फक्त इकडं पैसे घेतात."

"किती घेतात?"

"असतील दोन-अडीचशे दिरहम. म्हणजे आपले..." पारकरांनी लिफ्टच्या छताकडे पाहून हिशेब मांडला, तो तळमजला आला तरी संपला नव्हता. बाहेर पडताना म्हणाले, "मंडळच काढा. ग्रुपला स्वस्त देतील."

अशी शारजा मराठी स्की मंडळाची कल्पना जन्माला आली. सहाव्या मजल्यावरच्या रामेश्वर खोंडांनी तिला आकार दिला. खोंड नोकरीनं इलेक्ट्रिकल सुपरवायझर, पण आत्म्यानं घटनातज्ज्ञ. इथल्या निम्म्या मंडळांच्या घटना त्यांनी लिहिल्यात. "ज्याला घटना नाही ते मंडळ नव्हे, ती गर्दी," असं ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतात.

स्थापनासभा दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या एका संस्थेच्या हॉलवर भरली. शारजातली माणसं दुबईच्या ट्रॅफिकमधून तिथं पोहोचेपर्यंत सभेची वेळ उलटून गेली होती, पण सभा वेळेवर सुरू झाल्याचीच नोंद झाली. सदतीस सभासद झाले. मग नाव. कुणी 'हिमशिखर' म्हणालं, कुणी 'अखिल अमिरात' म्हणालं. पारकरांनी 'कोकण' हा शब्द घालायचा आग्रह धरला. कोकणात बर्फ पडत नाही असं कुणीतरी निदर्शनास आणलं. "शारजात पडतो काय?" पारकर म्हणाले. शेवटी सभेनं 'शारजा मराठी'वरच तडजोड केली.

वाळिंबे संस्थापक अध्यक्ष झाले. खोंड कार्याध्यक्ष, पारकर उपाध्यक्ष आणि साहित्यप्रमुख. त्यांच्या पत्नी जैनबभाभी खजिनदार, कारण त्यांच्याकडून आजवर कुणी एक दिरहम जास्त काढू शकलेलं नाही. वासंतीबाईंकडे सांस्कृतिक विभाग आला. स्कीइंगमध्ये सांस्कृतिक काय करायचं हे त्यांनी विचारलं, तेव्हा खोंड म्हणाले, "कोजागिरी."

मग खोंडांनी घटना वाचायला घेतली. कलम चार: सभासदाचं वय अठरा पूर्ण असावं.

वासंतीबाईंनी हात वर केला. "अहो खोंड, मिहिका नोव्हेंबरात अठराची होईल. आणि या हॉलमध्ये स्की कुणाला येत असेल तर तिला एकटीला."

"वहिनी, तिला निमंत्रित पाल्य म्हणून बसता येईल ना."

"अहो, पण तीच शिकवणार आहे सगळ्यांना!"

"वहिनी," खोंड अत्यंत मायेनं म्हणाले, "माणसं येतात, जातात. घटना राहते."

सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी घसा साफ केला. "विचार करू," ते म्हणाले. कोपऱ्यात फोन घेऊन बसलेल्या मिहिकानं मान वर केली नाही.

पुढचे दोन आठवडे नोंदणीत गेले. टायपिंग सेंटरवरचा, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानातला, मनुष्य भला होता, त्यानं चहासुद्धा पाजला. "सर, स्की का क्लब? शारजा में बर्फ किधर है?"

"बर्फ दुबई में है."

"तो दुबई जाओ ना सर."

दुबईतल्या टायपिंग सेंटरवर दुसरा भला मनुष्य होता. "मेंबर लोग किधर रहते हैं?"

"शारजा."

"तो शारजा जाओ ना सर."

अशा चार खेपा झाल्यावर खोंडांनी ठराव मांडला की नोंदणी होईपर्यंत मंडळानं व्हॉट्सॲप ग्रुपच्या रूपात वास करावा. ठराव मंजूर झाला. ग्रुपवर रोज सकाळी बर्फाच्छादित शिखराचं चित्र आणि खाली सुप्रभात येऊ लागलं. मिहिका मात्र कॅलेंडरकडे बघत होती. "बाबा, आपण कधी जायचं?" तिनं दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा बाबा म्हणाले, "उद्घाटन होऊ दे. तूच पहिली घसरशील."

मध्यंतरी पारकरांनी सरावाची सोय केली. बर्फावर एकदम जाणं धोक्याचं, आधी अंगाला सवय हवी, असं त्यांचं मत. त्यांनी वर्कशॉपमध्ये डक्टचे चकचकीत पत्रे जोडून चांगला दोन पुरुष उंचीचा उतार उभा केला आणि त्यावर साबणाचं पाणी मारलं. "बर्फाच्या तोंडात मारील!" ते म्हणाले. खाली, माणूस अलगद थांबावा म्हणून, त्यांनी गादी केली होती. गादी कसली, तर डक्टला गुंडाळायच्या ग्लासवूलची.

पहिला मान अध्यक्षांचा. वाळिंबे वर उभे राहिले. त्यांनी दोन शब्द बोलायला सुरुवात केली, "बंधूंनो आणि भगिनींनो" एवढं म्हटलं, आणि 'भगिनींनो'मधल्या 'नो'च्या वेळी ते खाली ग्लासवूलमध्ये होते. टाळ्या झाल्या. पण ग्लासवूल म्हणजे काय चीज आहे हे ज्याला माहीत नाही त्यानं सुखी असावं. काचेची बारीक कुसळं ती! घरी येईपर्यंत वाळिंबे माकडासारखे खाजवत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये एमडींसमोर प्रेझेंटेशन देताना त्यांनी पाठ खांबाला घासली. एमडींनी त्यांना सुट्टी देऊ केली, तीही जरा लांबून.

सल्ल्यांना तोटा नव्हता. नवव्या मजल्यावरच्या प्रमिलाकाकू तुरटीचं पाणी घेऊन आल्या. जैनबभाभींनी खोबरेल पाठवलं आणि वर सांदणंही पाठवली, ती पोटात घ्यायची. खोंडांनी अपघात विम्याचं नवं कलम पाठवलं. शेवटी मिहिका पार्सलची चिकटपट्टी घेऊन आली. "बाबा, बस इकडे. सिट स्टिल." ती पट्टी पाठीला चिकटवायची आणि कुसळांसकट ओढायची, आणि वाळिंबे ओरडायचे, आणि ती हसून हसून लोळायची. असं संध्याकाळभर चाललं होतं. किती दिवसांनी दोघं एका जागी बसली होती!

"बाबा," ती पट्टी ओढत म्हणाली, "मी जायच्या आदल्या शनिवारी तरी नक्की?"

"नक्की. उद्घाटन त्याच शनिवारी ठेवतो. अध्यक्ष म्हणून शब्द देतो."

"बाबा म्हणून दे ना."

"तोही देतो," वाळिंबे म्हणाले, आणि खरंच त्यांच्या मनात तसं होतं.

पण मंडळ म्हटलं की प्रमुख पाहुणे आले. ज्या पाहुण्यांना बोलावलं होतं ते अचानक भारतात गेले आणि गणपती झाल्यावर येतो म्हणाले. कार्यकारिणी तातडीनं वाळिंब्यांच्याच दिवाणखान्यात बसली. आतल्या खोलीत मिहिकाची बॅग भरणं चाललं होतं. खोंड म्हणाले, पुढे ढकला. पारकर म्हणाले, "पाहुणे गेले उडत, पोरगी जातेय ना!" मतं घेतली. दोन्हीकडे सारखी पडली, आणि निर्णायक मत अध्यक्षांवर आलं.

वाळिंब्यांनी कपाळ पुसलं. समितीसमोर बसलं की त्यांच्या तोंडून समितीचंच बोलणं निघतं, त्याला ते तरी काय करणार! "पाहुण्यांशिवाय उद्घाटन... बरं दिसणार नाही," ते म्हणाले.

आणि नेमकी त्याच वेळी मिहिका बॅगेला लावायची चिकटपट्टी शोधत बाहेर आली होती. तिनं ऐकलं. "इट्स ओके, बाबा," ती म्हणाली, आणि पट्टी घेऊन आत गेली.

ती रागावली असती, दार आपटलं असतं, तर वाळिंब्यांना परवडलं असतं. वासंतीबाई उठल्या. त्यांनी ट्रे आणला आणि सगळ्यांच्या हातातले अर्धे प्यालेले चहाचे कप गोळा करून घेऊन गेल्या. सभा बरखास्त झाली.

वाळिंबे त्या रात्री ताटावरून लवकर उठले. त्यांना आतून खाजल्यासारखं होत होतं, आणि याला चिकटपट्टीचा उपाय नव्हता. सकाळी उठल्याबरोबर त्यांनी मिहिकाच्या खोलीचं दार वाजवलं.

"शनिवारी जायचं. दोघंच."

"अँड द कमिटी?"

"समितीला कळवणार नाही."

मिहिकानं बापाला नीट न्याहाळलं. ताप वगैरे नव्हता.

शनिवारी सकाळी वाळिंबे माकडटोपी, लोकरीचे हातमोजे आणि वासंतीबाईंनी दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन लिफ्टमध्ये शिरले. ऑगस्टात. आठव्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि पारकर आत आले.

"काय ओ, कुठं?"

"दुबईला. मीटिंग आहे."

पारकरांनी माकडटोपीकडे पाहिलं. मिहिकाकडे पाहिलं. त्यांचे डोळे चमकले. "समजलं. वल्ला, कोणाला सांगणार नाय!"

आणि त्यांनी शब्द पाळला. फक्त जैनबभाभींना सांगितलं.

बर्फाच्या हॉलच्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "सर, युवर लेव्हल?" वाळिंबे संस्थापक अध्यक्ष म्हणणार होते, पण मिहिका आधी बोलली, "बिगिनर." नवख्या माणसाला धडा घेतल्याशिवाय उतारावर सोडत नाहीत असा तिथला नियम निघाला, आणि त्या वेळच्या वर्गात जागा होती ती बालवर्गात. अशा रीतीनं अध्यक्ष पाचसहा वर्षांच्या बारा पोरांच्या रांगेत शेवटी उभे राहिले. बूट असे जड की पाय कुणा दुसऱ्याचे वाटावेत. शिकवणारा तरुण हसतमुख होता. "टाचा बाहेर, बोटं आत! पायांचा त्रिकोणी पिझ्झा करा! पिझ्झा म्हणजे थांबा!" पोरांनी झटक्यात पिझ्झे केले. वाळिंब्यांचा पिझ्झा आधी पुरी झाला, मग त्याचं थालीपीठ झालं. पुढची चिमुरडी वळून म्हणाली, "अंकल, डोन्ट लुक ॲट युवर फीट." बारा पोरं आणि एक अध्यक्ष, सगळे पास झाले. अध्यक्षांना बक्षीससुद्धा मिळालं, एक पेंग्विनचं स्टिकर. ते त्यांनी जाकिटावर लावलं. काढायला सांगितलं असतं तर भांडले असते.

मग सरकत्या पट्ट्यावर उभी राहून बापलेक छोट्या उताराच्या माथ्यावर पोहोचली. वाळिंब्यांनी श्वास घेतला आणि सहज समोर पाहिलं. हॉलला मॉलच्या बाजूनं मोठी काच आहे, तिथून येणारेजाणारे आतली गंमत बघतात. काचेपलीकडे शारजा मराठी स्की मंडळ उभं होतं. फलकासह. खोंडांच्या हातात नारळ होता आणि एक सुरक्षारक्षक त्यांना तो का आणला म्हणून विचारत होता.

"मी चालत उतरतो," वाळिंबे म्हणाले. "स्की काढ माझ्या."

"बाबा."

"अगं, सगळे बघतायत!"

"बाबा, डोन्ट लुक ॲट देम. माझ्याकडे बघ." ती त्यांच्यासमोर उलटी उभी राहिली आणि तशीच मागे मागे हळूहळू खाली सरकू लागली. "कम."

वाळिंब्यांनी देवाचं नाव घेतलं आणि निघाले. पहिली चार पावलं ठीक गेली. मग उतारानं त्यांना ताब्यात घेतलं. ते मिहिकाच्या बाजूनं सूं करून पुढे गेले आणि खालच्या जाळीकडे सुटले. थांबायचं कसं ते साफ विसरले! समोर काच मोठी मोठी होत होती. काचेमागे जैनबभाभी दोन्ही हात जोडून त्रिकोण करून दाखवत होत्या आणि तोंडानं काहीतरी ओरडत होत्या. नंतर कळलं, बालवर्गाचा धडा काचेतून बघून त्या 'समोसा' म्हणत होत्या. बघता बघता सगळ्या मंडळानं हातांचे त्रिकोण केले. खोंडांनी नारळ काखेत मारून केला.

टाचा बाहेर. बोटं आत.

वाळिंबे थांबले. जाळीच्या हातभर अलीकडे, ताठ उभे. काचेमागे जल्लोष झाला. त्यांनी त्याचा स्वीकार करायला हात वर केला आणि मग सावकाश, कसलीही घाई न करता, डावीकडे आडवे झाले.

मिहिका घसरत आली आणि हसत त्यांच्याशेजारी बर्फात बसली. "यू स्टॉप्ड, बाबा! तू थांबलास!"

वाळिंबे बर्फात पडून छताकडे बघत होते. "मला फार भीती वाटत होती गं."

"पडायची?"

"त्याचीपण."

मिहिकाचं हसू थांबलं. तिनं आपला हातमोजा काढला आणि त्यांच्या माकडटोपीवरचा बर्फ झटकला. पुष्कळ वेळ झटकत राहिली, खरं तर बर्फ केव्हाच गेला होता.

त्यानंतर मंडळाची विशेष सर्वसाधारण सभा त्याच मॉलच्या फूड कोर्टात भरली. डिंकाचे लाडू सगळ्यांत वाटले गेले. वाळिंबे उभे राहिले. आज त्यांनी बंधू-भगिनी वगळलं. "ज्याला स्की येत नाही त्यानं या मंडळाचा अध्यक्ष राहू नये," ते म्हणाले. "मी राजीनामा देतो. मिहिकाचं नाव सुचवतो."

सगळ्यांच्या माना खोंडांकडे वळल्या. कलम चार! खोंडांनी फोनवर घटना उघडली. वरून खाली वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढला.

"वयाची अट सभासदाला आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "अध्यक्षाला अट घालायची राहून गेलीय."

"यल्ला, खलास! मिटलं!" पारकरांनी टेबलावर हात आपटला. मिहिका एकमतानं अध्यक्ष झाली. कॅनडातून मंडळ कसं चालवणार, असं एकानं विचारलं. "निदान तिथं बर्फ तरी हाय," पारकर म्हणाले. नारळ मॉलमध्ये फोडू दिला नाही, तो पार्किंगमध्ये पारकरांच्या पिकअपच्या मागच्या हुकावर फोडला. पाणी खोंडांच्या पँटवर गेलं. त्यालाच मंडळ आपलं उद्घाटन मानतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमानतळ. आत फक्त मिहिकाला जायचं होतं. तिनं आईला आणि बापाला मिठी मारली, ट्रॉली ढकलत पुढे गेली. आतल्या रांगेपाशी पोहोचल्यावर ती वळली. दोन्ही हात वर करून तिनं बोटांचा त्रिकोण केला, आणि मग दिसेनाशी झाली.

वासंतीबाईंनी डोळे पुसले. "चला," त्या म्हणाल्या. वाळिंबे हलले नाहीत. त्यांचे डोळे त्या दरवाजाकडे लागलेले, आणि खाली बूट पाहावेत तर टाचा बाहेर, बोटं आत.

"अहो, असे काय उभे आहात?"

"थांबलोय," वाळिंबे म्हणाले. "नाहीतर जाईन तिच्यामागे."

वासंतीबाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. आजूबाजूला कुणी बघत नाही ना तेही पाहिलं. मग त्यांनी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि आपल्याही चपलांची टोकं आत वळवली.